पहिला दिवस फक्त धार: हातअवजारांच्या सुतारकाम कोर्सचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी सुतार नाही आणि हा कोर्स करून सुतार झालेही नाही. दोन वर्षं व्हिडिओ बघून घरी काहीबाही ठोकत होते, एक शेल्फ केलं, ते भिंतीवर टिकलंय पण त्यावर गोल वस्तू ठेवायची नाही, कारण ती एकाच दिशेला घरंगळते. तर मशीन अजिबात न वापरता फक्त हाताच्या अवजारांनी लाकूडकाम शिकवणाऱ्या एका जुन्या वर्कशॉपचा आठ दिवसांचा कोर्स नुकताच केला. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत. पण असे कोर्स बऱ्याच ठिकाणी साधारण एकाच साच्यातले असतात, त्यामुळे जायचा विचार असेल तर उपयोग होईल.

माहितीपत्रकावर एका सुंदर पेटीचा फोटो, आणि खाली 'आठ दिवसांत स्वतःच्या हाताने डव्हटेलची पेटी बनवा आणि घरी न्या'. डव्हटेल म्हणजे कोपऱ्यात दोन फळ्यांची टोकं एकमेकांत अडकवायचा सांधा. मी तो फोटो बघूनच पैसे भरले हे कबूल करते. पहिल्या दिवशी गेले तर बाकावर लाकूडच नाही! प्रत्येकासमोर एक पटाशी, एक पाण्याचं भांडं आणि मध्ये धार लावायचे दगड. सगळे त्यांना मास्तर म्हणतात ते शिकवणारे आले आणि म्हणाले, आज लाकडाला हात लावायचा नाही. मला वाटलं तासभर असेल. संध्याकाळपर्यंत तेच.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं की भरलेल्या पैशातले निम्मे त्या एका दिवसाचे होते. घरची पटाशी मी विकत आणली तशी वापरत होते आणि लाकूड कापलं जात नाही म्हणून लाकडाला शिव्या देत होते. नवी पटाशी दुकानातून धारदार येतच नाही हो, ती नुसती आकाराला घासलेली असते. धार म्हणजे काय तर दोन सपाट बाजू जिथे भेटतात ती रेघ, त्यामुळे उतरत्या बाजूइतकीच पाठीची सपाट बाजू पण महत्त्वाची, आणि ती कुणी व्हिडिओत नीट दाखवत नाही कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. पाठीचा टोकाजवळचा थोडासाच भाग आरशासारखा करायचा, अख्खी पाठ घासत बसायचं नाही, हे कळलं तेव्हा माझा खांदा आधीच गेला होता. मग उतार साधारण २५ अंशाचा, आणि अगदी टोकाला ३० अंशाचा बारीक उतार वेगळा, म्हणजे पुढच्या वेळी धार लावताना तेवढीच बारीक पट्टी घासायची, सगळं नाही. १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) घासत राहायचं, जोपर्यंत मागच्या बाजूला केसासारखी पातळ लोंबती कड बोटाला लागत नाही. ती लागली नाही तर पुढच्या दगडावर जायचंच नाही. अंगठा धारेला आडवा फिरवून बघायचं, धारेच्या दिशेने कधीच नाही. मग ४०००, मग ८०००, मग चामड्याच्या पट्टीवर. धार बघायला हातावरचे केस कापून दाखवणारे लोक असतात, मास्तरांना ते आवडत नाही. ते पाइनच्या मऊ तुकड्याच्या टोकाला, म्हणजे जिथे रेषे आडवे कापले जातात तिथे, पातळ काप घ्यायला लावतात. कापलेली जागा तुकतुकीत दिसली तर धार आहे, पांढरट चुरगळलेली दिसली तर परत दगडावर. माझी चार वेळा पांढरट आली. शेजारचा मुलगा पहिल्यांदाच पास झाला, तो आठही दिवस मला थोडा खटकत राहिला.

इथेच पहिली तक्रार. आम्ही आठजण होतो आणि दगडांचे सेट दोन. आठ माणसं दोन दगडांवर म्हणजे लाइन लावून उभं राहायचं, आणि सगळे मधोमध घासतात त्यामुळे पाण्याचे दगड मध्ये खोलगट होतात, मग ते सपाट करायला आणखी वेळ. दगड सपाट करणं हे सुद्धा शिकायचंच असतं म्हणा, पण फी ज्या हिशोबाने घेतात त्या हिशोबाने चार सेट तरी ठेवायला हरकत नव्हती. बाकंही सहाच, त्यामुळे दोघादोघांनी आळीपाळीने वापरायची, आणि मी दोन पूर्ण दुपारी दुसऱ्याचं काम बघत घालवल्या.

दुसरा दिवस रंध्याचा आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी हाच कोर्सचा कळस होता. व्हिडिओत रंधा मारताना कुरळ्या कुरळ्या पातळ साली निघतात ते बघून मी घरी जोर लावून रंधा ढकलायचे आणि तो अडकायचा, उड्या मारायचा. मास्तर मागे येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, माझं कोपर एका बाजूने दाबलं आणि म्हणाले, आता ढकला. एवढंच. जोर हातातून नाही, पायातून आणि कमरेतून येतो, हात फक्त रस्ता दाखवतात. फळीच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब, शेवटाला मागच्या हाताचा, मधे दोन्ही. मी सगळीकडे सारखा दाबत होते म्हणून माझ्या सगळ्या फळ्या मध्ये फुगलेल्या आणि टोकांना उतरलेल्या व्हायच्या. दोन वर्षं मी फळीला दोष देत होते! हे कुठल्या व्हिडिओतून कळणार, कारण व्हिडिओला माझं कोपर दिसत नाही.

आवाजाचं पण तसंच. रंधा नीट चालला की एकसारखा फुस्स असा आवाज येतो, मधेच खरखर झाली की समजायचं रेषे उलटे आलेत. उलट्या रेषांवर मारलं की लाकूड कापलं न जाता उपटून येतं, गवत मुळासकट यावं तसं, आणि तिथे खड्डे पडतात. मग फळी फिरवायची किंवा रंधा तिरका धरायचा, आणि तरीही होत असेल तर पात्यावरची जी दुसरी पट्टी असते ती धारेच्या अगदी जवळ आणायची, अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर, म्हणजे साल वर उचलून फाटायच्या आत वाकवली जाते. गाठीजवळ रेषे कुठून कुठे वळतात ते बघायला मास्तर फळीची कड बघायला लावतात, वरचा चेहरा नाही. दोन तासांनी माझ्या डोळ्यांना खरंच रेषे दिसायला लागले, आधी मला फक्त लाकूड दिसायचं.

त्यांच्याकडे लोखंडी आणि लाकडी दोन्ही रंधे आहेत. लोखंडी म्हणजे तो सगळीकडे दिसतो तसा ४५ अंशाला पातं बसलेला, मागे पितळी चाकावर पातं वरखाली होणारा. ही रचना मुळात लेनर्ड बेलीची, १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि तेव्हापासून आजपर्यंत जवळपास सगळे लोखंडी रंधे त्याच साच्यावर चाललेत, हे मास्तरांनी चाक फिरवता फिरवता सांगितलं. लाकडी रंध्याला चाक वगैरे काही नाही, पाचर आणि हातोडी. पात्याच्या डोक्यावर हळूच टकटक केलं की पातं खाली उतरतं, रंध्याच्या मागच्या टोकावर मारलं की मागे येतं. मला आधी हा मागासपणा वाटला आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून लाकडीच उचलायला लागले, तो फळीवरून इतका गुळगुळीत सरकतो! लोखंडीच्या तळाला मध्ये मध्ये मेणबत्ती घासावी लागते.

करवतीबद्दल थोडक्यात. उभं चिरायची करवत वेगळी, आडवं कापायची वेगळी, पहिलीचे दात बारीक पटाश्यांसारखे आणि दुसरीचे चाकूसारखे, हे माहीत नसल्याने मी घरी सगळं एकाच करवतीने करत होते. तर्जनी पुढे रोखून धरायची, मूठ घट्ट आवळायची नाही, रेघ खायची नाही तर रेघेच्या टाकाऊ बाजूला चिकटून कापायचं. जपानी करवत ओढताना कापते, त्यामुळे तिचं पातं ताणात राहतं आणि पातळ असलं तरी चालतं, ढकलायच्या करवतीला वाकू नये म्हणून जाड पातं किंवा पाठीला पट्टी लागते. दोन्ही वापरायला दिल्या. माझं ओढायच्या करवतीशी जमलं. पण करवतीचे दात कसे घासायचे ते शिकवलंच नाही, विचारलं तर 'वेळ नाही'. पहिला अख्खा दिवस धारेला देणाऱ्या माणसाने करवतीची धार सोडून द्यावी हे मला अजून पटलेलं नाही.

आणि मी डावखुरी आहे. फॉर्ममध्ये लिहिलं होतं, कुणी वाचलं नव्हतं. बाकाचा व्हाइस, म्हणजे लाकूड आवळून धरायचा शिकंजा, डाव्या टोकाला, उजव्या हाताच्या माणसाला सोयीचा, मला करवत मारताना कायम बाकाच्या आत वाकून उभं राहावं लागायचं. आखायचा चाकू एका बाजूने धार असलेला, तोही उजव्या हातासाठीच घासलेला. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी स्वतः दुसरा चाकू उलट्या बाजूने घासून दिला, दहा मिनिटांत, आणि सॉरी पण म्हणाले. डावखुऱ्यांनी आधी फोन करून विचारा, फॉर्मवर भरवसा ठेवू नका.

आखणीत माझी सगळ्यात मोठी सवय मोडली. मी टेपने मोजायचे, पेन्सिलने खूण करायचे आणि मग सांधा बसत नाही म्हणून रडायचे. इथे मोजपट्टी जवळजवळ हिसकावूनच घेतात. फळीची एक बाजू आणि एक कड रंध्याने पक्की सपाट आणि काटकोनात करायची, गुण्या लावून तपासायची, त्यावर खूण करून ठेवायची आणि पुढचं सगळं त्याच बाजूवरून. खाच किती रुंद? पटाशी जेवढी रुंद तेवढी. ती पटाशी कुठली घ्यायची? लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. मग खाचेवरूनच कुसू, म्हणजे त्या खाचेत घुसणारं दुसऱ्या फळीचं टोक, आखायचा. आकडा मधे आलाच नाही तर आकड्याची चूक कुठून होणार! आणि पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते, शिवाय चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप जाऊन बसते. इतकं साधं आहे की राग येतो.

चौथ्या दिवशी दुपारी 'वारसा' या विषयावर स्लाइड शो होता, दोन तास, पडदे लावून, जेवणानंतर. अर्धे लोक पेंगले. भिंतीवर जुनी अवजारं छान लावलीत, पण हात लावायचा नाही, आणि जे हात लावून शिकवतात त्यांनीच असं म्हणावं हे जरा विचित्र वाटलं. तरी त्या दोन तासांतली वीस मिनिटं मात्र मी विसरणार नाही. जर्मनीत लाइपझिगजवळ सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्यात, ओकच्या लाकडाने आतून बांधलेल्या, आणि त्यात कुसू आणि खाचेचे सांधे आहेत, धातूचं अवजार अस्तित्वात नसताना दगडाच्या वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या अवजाराने, केलेले. मी त्या सकाळी पोलादाची पटाशी घेऊन तोच सांधा तीनदा बिघडवला होता! आणि दुसरं म्हणजे पॅरिसचं नोत्र दाम, ते जुनं मोठं चर्च. एप्रिल २०१९ मध्ये तिथलं जुनं लाकडी छत जळलं तेव्हा ते परत उभं करताना ओकच्या तुळया हाताने कुऱ्हाडीने तासल्या, जुन्या पद्धतीने, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते उघडलं सुद्धा. ते तासणारे हात कुठून आले तर अशाच कुणीतरी कुठेतरी चालवत ठेवलेल्या वर्कशॉपमधून. फ्रान्समधल्या लाकडी सांगाड्याच्या आखणीची परंपरा २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, जपानच्या लाकडी वास्तूंचं कसब २०२० मध्ये आलं. हे ऐकून मला पहिल्यांदा पडदे लावल्याचा राग थोडा कमी झाला. पण तरी चाळीस स्लाइड कमी केल्या असत्या तर चाललं असतं.

पाचव्या दिवशी मी बोट कापलं. चूक माझीच, डाव्या हातात पटाशी आणि उजव्या हाताने लाकूड धरलेलं, धारेच्या समोर. पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतात की दोन्ही हात धारेच्या मागे, लाकूड धरायला क्लॅम्प आहे हात नाही. धारदार पटाशीची जखम स्वच्छ असते हे खरं, लवकर भरली पण. मात्र प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टीचं रिकामं खोकं निघालं, शेवटी कागदी टेप आणि टिश्यू. रोज आठ नवखी माणसं धारदार पोलाद घेऊन बसतात तिथे हे चालत नाही, आणि मी तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवी पेटी आलेली होती.

आता डव्हटेल, कोपऱ्यातला तो पसरट शेपटीसारखा सांधा. उतार मऊ लाकडाला १:६, कठीण लाकडाला १:८ असा ठोकताळा. आधी शेपट्या कापायच्या की आधी त्यांच्यामध्ये बसणाऱ्या खुंट्या, यावर लोक आयुष्यभर भांडतात म्हणे, मास्तर शेपट्यावाले. मला त्यात मत नाही, माझ्या दोन्ही फटीतच गेल्या. पहिल्या कोपऱ्यात एक मिलिमीटरची फट, चौथ्यात कागद जाईल एवढी, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्याने पेटीवर माझी प्रगती दिसते. मी पुटीने भरू म्हटलं तर मास्तरांनी असं बघितलं की मी विषय बदलला. त्याच लाकडाचा पातळ काप, रेषे जुळवून, सरस लावून आत सारायचा आणि सुकल्यावर रंधून टाकायचा. आता मला दाखवल्याशिवाय दिसत नाही. बरं, मला तरी दिसतं.

सरस त्यांच्याकडे खरा असतो, जनावराच्या कातड्याचा, दाणे भिजवून साठेक अंशावर गरम करून वापरायचा, जास्त तापवला तर ताकद जाते. वास... सवय होते. याची गंमत म्हणजे ऊब आणि ओलावा दिला की सांधा परत सुटतो, म्हणून व्हायोलिन बनवणारे आणि जुनं फर्निचर दुरुस्त करणारे हाच धरून बसलेत. पांढरा बाटलीतला गोंद तसा सुटत नाही, ज्याला पुढे कधी दुरुस्त करावं लागेल त्याला मग तो तोडावाच लागतो.

लाकूड हलतं, हा भाग कुणीच जाहिरातीत लिहीत नाही आणि खरं तर फोटोतल्या पेटीपेक्षा याचीच जाहिरात करायला हवी. लाकूड कापून वाळवलं तरी ते हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं, आणि सगळ्या दिशांना सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत भरपूर, आणि खोडाच्या वर्तुळांना लागून जी दिशा आहे त्यात मध्यापासून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून ओली फळी सुकताना वाकते, म्हणून जुन्या दारांत चौकट असते आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी तरंगत ठेवलेली असते, चिकटवलेली नसते. टेबलाचा वरचा भाग चारी बाजूंनी स्क्रूने आवळला की एक दिवस तो फाटतोच. माझं घरचं शेल्फ का वाकलं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि मी जोरात 'अच्छा' म्हटलं, सगळ्यांनी बघितलं.

शेवटच्या दिवशी जवसाचं तेल लावलं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवायची नाहीतर पाण्यात बुडवायची. यासाठी वेगळा लोखंडी डबा ठेवलाय आणि त्यावर लाल अक्षरात लिहिलंय. पट्टीचं खोकं रिकामं आणि चिंधीचा डबा टापटीप, काय म्हणायचं.

आता आठ दिवसांत पेटी होते का? माझी झाली, झाकण सोडून. आठपैकी तिघांची पूर्ण झाली, त्यातला एक शेजारचा मुलगा, साहजिकच. बाकीच्यांनी तुकडे पिशवीत घालून नेले. माहितीपत्रकातलं वाक्य बदलायला हवं असं मी फीडबॅकमध्ये लिहिलंय. घरी न्यायला वस्तू हवी असेल तर जाऊ नका, त्या पैशात तयार पेटी चांगली मिळते. तुम्ही आधी काही केलेलं असेल आणि ते का बिघडतं हे कळत नसेल तर मात्र जा, अजिबात काही केलं नसेल तर त्या कोपर दाबण्याची किंमत कळणार नाही असं मला वाटतं, पण आमच्यात एक बाई पूर्ण नवख्या होत्या आणि त्या माझ्याहून खूश होत्या, तेव्हा माझं ऐकू नका.

जाण्याआधी तीन गोष्टी विचाराच, किती माणसांमागे किती बाकं, दगडांचे किती सेट, आणि अवजारं सोबत आणली तर चालतात का. माझी घरची पटाशी मी सातव्या दिवशी नेली, मास्तरांनी हातात घेतली, पाठ बघितली आणि हसले.

झाकण आता घरी चाललंय, चौकट आणि मोकळी फळी असं. करवतीची धार मात्र गेलीये, म्हणून त्यांना फोन केला होता, ते म्हणाले पाच जण जमले तर दोन दिवस फक्त करवतीचे दात घासायला शिकवू. चार झालोत.